डॉब्सनी दुर्बीण : मोठी, पण किती जणांची?

डेव्हिड क्रीगे आणि रिचर्ड बेरी यांचे ‘द डॉब्सोनियन टेलिस्कोप’ हे १९९७ साली अमेरिकेत निघालेले पुस्तक. क्रीगे हे मोठ्या डॉब्सनी दुर्बिणी बांधून विकणारे कारागीर, तर बेरी हे ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ मासिकाचे माजी संपादक. वीस इंच व्यासाच्या आरशाची, आणि तरीही सुटी करून गाडीत घालून नेता येईल अशी परावर्ती दुर्बीण सुतारकामाची बऱ्यापैकी जाण असलेल्या माणसाने घरी कशी बांधावी, हे त्यात सांगितले आहे. विज्ञान मंडळासाठी दुर्बीण करू पाहणाऱ्या शिक्षकांच्या हाती या पुस्तकातल्या आकृत्या कधी ना कधी पडतात आणि ‘करायचीच तर मोठी का नको?’ असा प्रश्न निघतो. म्हणून पुस्तकाची आणि त्यातल्या यंत्राची परीक्षा आम्ही एकत्रच करत आहोत.

ज्यांच्या नावाने ही दुर्बीण ओळखली जाते ते जॉन डॉब्सन रसायनशास्त्राचे पदवीधर. १९४४ साली ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले आणि पुढे रामकृष्ण संघाचे संन्यासी झाले. संन्याशाजवळ पैसा असण्याचा प्रश्नच नव्हता. जहाजाच्या गोल खिडकीची टाकून दिलेली जाड काच, घासायला वाळू, नळीसाठी सिमेंटचे खांब ओतताना वापरतात तो पुठ्ठ्याचा साचा आणि बैठकीसाठी प्लायवूड, अशा सामानातून त्यांनी दुर्बिणी केल्या. त्या मठाबाहेर नेऊन वस्तीतल्या लोकांना आकाश दाखवण्याचा त्यांचा नाद मठाच्या शिस्तीत बसेना, आणि १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथावर दुर्बीण उभी करून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र आणि शनी दाखवणे हाच त्यांचा उद्योग झाला. २०१४ साली वयाच्या ९८व्या वर्षी ते वारले. बैठकीचा शोध आपला आहे असे ते म्हणत नसत. तोफा शतकानुशतके अशाच खाचांत ठेवल्या जात होत्या, याची ते आठवण करून देत.

हा विनय बाजूला ठेवला तरी त्यांनी काय काय वगळले, हे पाहण्यासारखे आहे. त्या काळी चांगली दुर्बीण म्हणजे विषुववृत्तीय बैठकीची, ध्रुवताऱ्याकडे रोखलेला अक्ष असलेली, असे समीकरण होते. अशी बैठक जड, महाग आणि लेथवर करून घ्यावी लागणारी. डॉब्सननी ती टाकून दिली. त्यांची दुर्बीण फक्त डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरते, तीही हाताने ढकलून. पण हाताने ढकलून ताऱ्याचा पाठलाग करणे शक्य होते ते टेफ्लॉनमुळे. जड कपाट सरकवताना ते आधी मुळीच हलत नाही आणि मग एकदम हिसका देऊन पुढे जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असल्याने असे होते. टेफ्लॉनचे तुकडे आणि खरबरीत लॅमिनेट (आपल्याकडे ज्याला सरसकट सनमायका म्हणतात ते) यांच्या जोडीत या दोन घर्षणांतला फरक फारच थोडा उरतो. त्यामुळे दुर्बीण बोटाने लोटली की सरकते, आणि बोट काढले की जागच्या जागी थांबते. घर्षणाचा पाठ शिकवायला याहून चांगले उपकरण आमच्या पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट आरशाच्या जाडीची. व्यासाच्या सहाव्या हिश्शाइतकी जाडी हवी, असा जुना नियम होता. विषुववृत्तीय बैठकीत आरसा निरनिराळ्या बाजूंना कलतो, म्हणून तो स्वतःच्या वजनाने वाकू नये यासाठी एवढी काच लागे. डॉब्सनच्या बैठकीत आरसा एकाच दिशेने कलतो. त्याची खालची कड नेहमी खालीच राहते. तेवढी कड पट्ट्याच्या झोळीत नीट पेलली आणि मागून योग्य ठिकाणी आधार दिला की पातळ काचही चालते. पातळ काच म्हणजे स्वस्त काच. मोठी दुर्बीण हौशी माणसाच्या आवाक्यात आली ती या वाटेने.

क्रीगे-बेरी यांचे पुस्तक ही वाट पुढे नेते. अखंड नळीऐवजी ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा सांगाडा, बाजूला मोठ्या त्रिज्येची अर्धवर्तुळाकार धारवे, आरशाखाली वजन अनेक बिंदूंवर सारखे वाटून देणारी तराजूसारखी तरफांची रचना, आणि पेटीला हातगाडीसारखे दांडे व चाके लावून ती फळीवरून गाडीत चढवण्याची सोय, हे सारे त्यात कारणांसह सांगितले आहे. ही कारणे सांगण्याची सवय आम्हाला फार आवडली. मापे देऊन ‘असे करा’ म्हणणारी पुस्तके पुष्कळ आहेत. अमुक जागी कडकपणा का हवा आणि तमुक जागी वजन कमी केले तर काय बिघडते, हे सांगणारी थोडी.

आमचा आक्षेप वेगळाच आहे. डॉब्सनची दुर्बीण काच आणि वाळूपासून सुरू होत असे. या पुस्तकातली दुर्बीण तयार आरसा विकत घेण्यापासून सुरू होते. वीस इंचांचा अचूक आरसा घासणे नवशिक्याचे काम नव्हे, म्हणून लेखकांना दोष देता येत नाही. पण शाळेच्या दृष्टीने पाहिले तर जे शिकण्यासारखे, तेच बाजारात गेले. राहिले ते उत्तम सुतारकाम.

आणि ‘सुटसुटीत’ हा शब्द कोणाला लागू पडतो? चार सेंटिमीटर जाडीच्या वीस इंची आरशाचे वजनच सुमारे अठरा किलो भरते. त्यावर पेटी, बैठक आणि दांडे. पुस्तकाच्या मनात मागे मोठी जागा असलेली मोटार आहे, फळी टाकायला अंगण आहे आणि आठवड्याच्या सुटीला अंधाऱ्या आकाशाखाली जाणारा एक मालक आहे. एस.टी.ने गावोगाव जाणारा शिक्षक त्यात नाही, आणि तो नाही म्हणून लेखकांवर रागावण्याचेही कारण नाही. फक्त त्यांची सोय ती आपली सोय, असे समजू नये.

आता नेत्रिकेपाशी जाऊ. वीस इंचांच्या आरशाचे नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट धरले तर ते अडीच मीटरच्या वर जाते. दुर्बीण डोक्यावरच्या आकाशाकडे रोखली की नेत्रिका जमिनीपासून सुमारे आठ फुटांवर येते. म्हणजे शिडी आली. २०० पट वर्धन केले आणि नेत्रिकेचे दृश्यक्षेत्र ५० अंशांचे असले, तर प्रत्यक्ष आकाशाचा पाव अंशाचाच तुकडा दिसतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा हा तुकडा एका मिनिटात ओलांडतो. अंधारात शिडी चढून, डोळा टेकवून मूल स्थिर होईपर्यंत शनी निघून गेलेला असतो! प्रत्येक मुलामागे पुन्हा दुर्बीण लोटायची, आणि ती कोणीतरी जाणत्यानेच. चाळीस मुलांना दीड-दीड मिनिट दिले तर तास जातो. तेवढ्यात आकाश पंधरा अंश सरकते आणि शिडीही हलवावी लागते. आठ इंची दुर्बिणीत ६० पट वर्धनाला हाच शनी तीन मिनिटांहून अधिक काळ दिसत राहतो आणि मुलांचे पाय जमिनीवर असतात.

मोठ्या आरशाची बाजूही मांडली पाहिजे. आठ इंचांच्या मानाने वीस इंचांचा आरसा सव्वासहा पट प्रकाश गोळा करतो, म्हणजे सुमारे दोन प्रतींनी अंधूक तारे दिसू लागतात. शौरी तारकासमूहातला एम १३ हा गुच्छ लहान दुर्बिणीत दाणेदार ढगासारखा दिसतो. मोठीत तो थेट गाभ्यापर्यंत ताऱ्यांनी फुटतो. एम ५१ या दीर्घिकेचे सर्पिल बाहू लॉर्ड रॉस यांनी १८४५ साली आयर्लंडमध्ये बहात्तर इंची दुर्बिणीतून प्रथम पाहिले. चांगल्या काळोखात ते वीस इंचांतूनही डोळ्यांनी दिसतात, आणि ज्याने ते पाहिले तो सहसा विसरत नाही. पण यासाठी काळोख हवा. शहराच्या उजेडात मोठा आरसा दीर्घिकेबरोबर उजळलेले आकाशही तितकेच गोळा करतो. ग्रहांच्या बाबतीत तर वातावरणच आडवे येते. आठ इंचांची भेदनक्षमता सुमारे ०.६ विकला आणि वीस इंचांची त्याहून पुष्कळ चांगली. पण नेहमीच्या रात्री हवेच्या थरथरण्याने प्रतिमा एक-दोन विकलांइतकी पसरते, आणि हा फायदा बहुतेक वाया जातो. जाड काच थंड व्हायला लागणारा वेळ निराळाच.

जुळणीचा प्रश्न शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. सुटी होणारी दुर्बीण दर वेळी उभारल्यावर आरसे पुन्हा एका रेषेत आणावे लागतात. नाभीय अंतर व्यासाच्या आठपट असेल तर मध्यभागी सुमारे ११ मिलिमीटरचा भाग निर्दोष प्रतिमा देतो. साडेचारपट असेल तर हा भाग जेमतेम २ मिलिमीटर उरतो. जुळणीत थोडी चूक झाली की तारे धूमकेतूसारखे शेपटाळ दिसतात, आणि मुले त्याला दुर्बिणीचा दोष न मानता आकाशाचे वर्णन मानतात.

तेव्हा शाळेसाठी आमची पसंती आठ इंच व्यास आणि सहापट नाभीय अंतर अशा साध्या डॉब्सनी दुर्बिणीला आहे. ती अखंड नळीचीच असावी. दोघांना उचलता येते आणि पाच मिनिटांत उभी राहते. क्रीगे-बेरींच्या पुस्तकातली धारव्यांची आणि आरशाच्या आधाराची प्रकरणे मात्र लहान दुर्बिणीलाही पूर्ण लागू पडतात; ती जरूर वाचावीत आणि दांड्यांचा सांगाडा सोडून द्यावा. आपल्या पावसाळ्यासाठी साध्या प्लायऐवजी मरीन प्लाय घ्यावा आणि कडांना आतूनबाहेरून वॉर्निश द्यावे. सनमायका घेताना दुकानदार गुळगुळीत, चकचकीत पत्रा पुढे करतो. तो नको, बोट फिरवल्यावर खडे लागतात तसल्या पोताचा मागावा, आणि टेफ्लॉनचा तुकडा खिशात नेऊन दुकानातच घासून पाहावा.