उसाची मोळी आणि घरातला हिशेब

तुकोबांची एक गोष्ट मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. कुणीतरी तुकोबांना उसाची मोळी दिली. वाटेत पोरे भेटली. ती मागत गेली, तुकोबा देत गेले. घरी पोचेपर्यंत एकच ऊस उरला. संतापलेल्या जिजाईने तो त्यांच्याच पाठीत घातला, त्याचे दोन तुकडे झाले आणि तुकोबा हसून म्हणाले, बरे झाले, दोघांची वाटणी झाली. कीर्तनात या जागी हशा ठरलेला असतो, आणि तो तुकोबांच्या बाजूचा असतो. घरात लेकरे उपाशी आहेत हे जिजाईचे म्हणणे गोष्टीत असते खरे, पण ते ऐकायला कुणी थांबत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' यंदा पुन्हा वाचताना मला ही गोष्ट सारखी आठवत राहिली. हीच कथा इथे जिजाई सांगते आहे. पूर्वी या पुस्तकातल्या विनोदावर मी मनापासून हसलो होतो. या खेपेला लक्षात आले की त्या विनोदात एक हिशेब मांडलेला आहे, आणि आजवर मी तो वाचलाच नव्हता.

मराठीबाहेरच्या वाचकांसाठी थोडी ओळख. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कवी. लोकमान्य टिळक वेगळे. चित्पावन ब्राह्मण घरात जन्मलेले हे टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी काम केले आणि मराठी ख्रिस्ती मंडळींना गाण्यासाठी शेकडो पदे दिली. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६). त्या शाळेत कधी गेल्या नाहीत. नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, ती त्यांनी आपल्या जिद्दीने वाढवली. मुलाच्या, देवदत्ताच्या, आग्रहाने त्यांनी लिहिलेल्या या आठवणी १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आल्या आणि तेव्हापासून मराठीतले श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिशातले त्याच्याकडे जाई. घरात पाहुणा, विद्यार्थी, आजारी, अनाथ यांना कायम जागा असे. ख्रिस्ती शिकवणीच्या कसोटीवर हे जीवन खरे उतरते. भुकेल्याला घास आणि परक्याला आसरा दिला तो ख्रिस्तालाच दिला, हा शुभवर्तमानातला विचार टिळकांनी प्रवचनापुरता ठेवला नाही. आपण बहुतेक जण तो तेवढाच ठेवतो. म्हणून पुढे जे म्हणणार आहे ते टिळकांना लहान करण्यासाठी नाही.

प्रश्न असा, की त्यागी माणूस जेव्हा सर्वस्व देतो तेव्हा त्या सर्वस्वात कुणाकुणाचे काय असते?

लक्ष्मीबाई या प्रश्नाची तयारी पहिल्याच पानांपासून करतात. त्यांचे वडील, नाना, १८५७ च्या बंडानंतर एका जवळच्या आप्ताला फाशी झाल्याच्या धक्क्याने सोवळ्याच्या नादी लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, मीठसुद्धा धुवायचे. प्रसंग हसवणारा आहे. पण मीठ धुणारे हात कुणाचे, हे विचारले की हसू ओसरते. शुचिता नानांची, ओल्या मिठाची काळजी बायकांची. मग लग्न होऊन लक्ष्मीबाई टिळकांच्या घरी येतात आणि तत्त्व पार उलटते. वडिलांना जगाचा स्पर्श नको होता, नवऱ्याला सारे जग घरात हवे होते. तत्त्व बदलले, तरी ते पाळण्याचे काम त्याच बाईकडे राहिले. लक्ष्मीबाई हे सूत्र म्हणून कुठेही मांडत नाहीत. दोन्ही घरे त्या सारख्याच सुरात रंगवतात आणि साम्य आपल्याला दिसू देतात.

१८९५ चा बाप्तिस्मा हा या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा. टिळकांनी सत्यासाठी जात, नातीगोती, मानमरातब यांवर पाणी सोडले. चरित्रकाराला हे एका वाक्यात सांगता येते. लक्ष्मीबाईंना त्यासाठी प्रकरणेच्या प्रकरणे लागतात, कारण ही बाब त्यांना आधी विचारून झालेली नव्हती. पदरात लहान मूल, नवरा जिवंत असून दुरावलेला, नातेवाइकांच्या आधाराने काढलेली वर्षे. जे टिळकांनी सोडले ते त्यांच्याकडून सुटले, आणि सोडणे व सुटणे यांत माणसाच्या इच्छेएवढे अंतर असते. त्यागाचे पुण्य इच्छेला लागते. ज्याच्याकडून काढून घेतले गेले, त्याच्या नावावर फक्त नुकसान राहते.

लक्ष्मीबाई तिथेच थांबल्या असत्या तर हे गाऱ्हाण्याचे पुस्तक झाले असते. नामदेवांच्या गाथेत राजाईच्या नावावर असे अभंग आहेत. संताच्या बायकोने घरातली ओढाताण विठ्ठलाच्या दारात नेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. लक्ष्मीबाई तिच्या पुढे जातात. जातीभेद माणसांनी केलेला आहे हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटते, आणि कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे हा निश्चय त्या बाप्तिस्म्याच्या आधीच करतात. १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत. मग दुष्काळात आईबाप गमावलेली मुले घरात आली, तारा पोटच्या लेकीसारखी वाढली, प्लेगच्या दिवसांत त्या रुग्णांच्या सेवेला उभ्या राहिल्या. कवी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, याच घरात राहिले. त्यांचे रुसवेफुगवे काढणे आणि त्यांना जेवायला वाढणे ही दोन्ही कामे कुणाला तरी करायचीच होती.

इथे पुस्तकाचा खरा विचार उमगतो. टिळक देतात तेव्हा एक क्षण झगमगतो. लक्ष्मीबाई देतात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे पीठ किती उरले हे त्यांना ठाऊक असते, आणि तरीही त्या देतात. मला हे दुसरे दान अधिक अवघड वाटते. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट शुभवर्तमानात आहे. तिचे दान मोठे ठरते, कारण तिने आपल्या पोटाचे दिले. दुसऱ्याच्या पोटाचे दिले असते, तर त्या गोष्टीचा अर्थच फिरला असता.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीलाही हा पेच चुकला नव्हता. सारे काही एकत्र करून गरजेप्रमाणे वाटायचे ठरले, आणि लवकरच कुरकुर सुरू झाली की रोजच्या वाटपात काही विधवा वगळल्या जातात. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हे आले आहे. प्रेषितांनी प्रवचनाचे काम आपल्याकडे ठेवून वाढपाच्या व्यवस्थेसाठी सात जण निवडले. म्हणजे भक्ती कितीही खरी असली तरी कुणाच्या पानात काय पडले हे पाहणारे माणूस लागतेच. त्या सात जणांची नावे तिथे नोंदली गेली. घरोघरच्या वाढणाऱ्यांची नोंदली गेली नाहीत. 'स्मृतिचित्रे' ही मला अशा नोंदीसारखी वाटते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा करू पाहिला. परकीय पैशावर उभी असलेली ख्रिस्तसेवा त्यांना खुपत होती, आणि त्यांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे होते. पण प्रपंचातल्या माणसाने पगार सोडला की संन्यास एकट्याचा राहत नाही. दोन वर्षांत टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. उरलेले बहुतेक सर्व अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि शेवट देवदत्ताने केला. आरंभ नवऱ्याने करायचा आणि निभावून बायकोने न्यायचे, हा या घराचा शिरस्ता काव्यातही मोडला नाही.

इंग्रजीत हे पुस्तक गेले तेव्हा काय झाले, हे बहुभाषिक वाचकांनी पाहण्याजोगे आहे. जोसेफिन इंकस्टर यांच्या १९५० च्या अनुवादाचे नाव 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे 'मी मागून येते'. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाचे उपशीर्षक 'द मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ', म्हणजे एका बाणेदार पत्नीच्या आठवणी. पहिल्यात ती अनुयायी आहे, दुसऱ्यात तडफदार आहे, पण दोन्हीकडे तिची ओळख नवऱ्यावरून होते. मूळ नावात नवरा नाही, फक्त आठवणी आहेत. आणि मजकुरात त्या नवऱ्याचा उल्लेख 'टिळक' असा सरळ आडनावाने करतात, एखाद्या समकालीनाविषयी लिहावे तसा. त्या एका शब्दाने साधलेले अंतर हीच या पुस्तकाची समीक्षादृष्टी आहे. त्या अंतरावरून माया करता येते आणि हिशेबही मागता येतो.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच सुचतो. हिशेब ठेवणारी माणसे सहसा दार उघडत नाहीत. टिळकांनी उद्याच्या पिठाचा विचार केला असता तर ती पोरे त्या घरात आलीच नसती. हे खरे आहे, आणि लक्ष्मीबाईंना ते माहीत आहे. म्हणूनच हिशेब पुरा मांडूनही त्या टिळकांना दोषी ठरवत नाहीत. उधळ्या दात्याशिवाय दार उघडत नाही आणि हिशेबी हातांशिवाय उघडलेल्या दारातून आलेला माणूस जेवत नाही. पुस्तक या दोहोंना एका घरात ठेवते, त्यांची भांडणे होऊ देते, आणि निकाल देत नाही.

मला मात्र एवढे म्हणावेसे वाटते. गरिबासाठी झिजण्याची शिकवण देणाऱ्या कोणत्याही धर्माने आपल्या त्यागी माणसांची चरित्रे सांगताना त्यांच्या स्वयंपाकघरातही डोकावावे. त्यागाचा गौरव त्याने कमी होणार नाही. त्यातला वाटा ज्याचा त्याला मिळेल. उसाच्या गोष्टीला मी आताही हसतो. पण जिजाईच्या हातात तो शेवटचा ऊस होता, हे आता विसरता येत नाही.