पायडँटिकच्या पाच ओळी

आंब्याच्या ऑर्डरी घेणाऱ्या एखाद्या वेबसाइटचा पायथॉन कोड उघडला, तर एका फाइलीत साधारण असा मजकूर सापडेल. देवनागरीत उतरवून देतो:

क्लास ऑर्डर (बेसमॉडेल):
नाव: स्ट्रिंग
पिनकोड: स्ट्रिंग
डझन: इंट, शून्याहून मोठा
तारीख: डेट
निरोप: स्ट्रिंग किंवा नन = नन

पहिल्या वाचनात इथे काही घडतच नाही. इफ नाही, लूप नाही, चूक पकडण्याची धडपड नाही. पाच रकाने आणि त्यांच्यापुढे काय असावं एवढंच. मला या मजकुराची गोडी लागली ती या गप्प बसण्यामुळे. बाहेरून येणारा बेभरवशाचा माल तपासून, निवडून, नीट वस्तू करून आत घ्यायचं सगळं काम या ओळी करतात, आणि त्याचा गाजावाजा करत नाहीत.

पायथॉन ३.६ मध्ये, म्हणजे २०१६ च्या अखेरीस, व्हेरिएबलच्या नावापुढे कोलन देऊन त्याचा प्रकार लिहायची सोय आली. पायथॉन स्वतः मात्र त्या टिपणीकडे ढुंकूनही बघत नाही. 'डझन'पुढे इंट लिहा आणि आत 'हापूस' ठेवा, तो मुकाट्याने चालवून घेतो. सॅम्युअल कोल्विन यांनी २०१७ मध्ये पायडँटिक ही लायब्ररी आणली (वरचं 'बेसमॉडेल' तिचंच) आणि या शोभेच्या टिपणीला कामाला जुंपलं. नवी भाषा नाही, नवी खूणचिठ्ठी नाही. जे लिहिलेलं होतंच, तेच खरं मानायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी सेबास्तियान रामिरेझ यांनी फास्टएपीआय हे वेब फ्रेमवर्क याच पायावर उभं केलं. तिथे फंक्शनच्या कंसात 'ऑर्डर' हा प्रकार लिहिला की पुरे: आत येईल ती तयार ऑर्डर, नाहीतर पाठवणाऱ्याला ४२२ क्रमांकाचं नकाराचं उत्तर जाईल.

हे का लागतं? कारण ब्राउझरचा साधा फॉर्म सगळं अक्षरांतच पाठवतो. २ हा आकडासुद्धा अक्षर म्हणून येतो. जेसनमध्ये आकडे असतात, पण तारीख हा प्रकारच नाही. म्हणून चौथ्या ओळीत नुसतं 'डेट' लिहिलंय, तिथे प्रत्यक्षात अक्षरांची माळ आत येते आणि तारीख बाहेर पडते. आत आलेलं बरोबर होतं का, यापेक्षा बाहेर पडेल ते बरोबर असेल याची हमी द्यायची, असा या लायब्ररीचा पहिल्यापासून रोख आहे. अ‍ॅलेक्सिस किंग यांनी २०१९ मध्ये 'पार्स, डोन्ट व्हॅलिडेट' या लेखात हाच विचार हॅस्केल भाषेच्या अंगाने मांडला. हाताने लिहिलेल्या तपासणीचं दुखणं ठाऊक असलेल्याला यातलं सुख लगेच कळेल. तिथे डझन शून्याहून मोठा आहे का हे दारात विचारलं जातं, मग बिल करताना, मग डेटाबेसात घालताना. कारण आधी कोणी विचारलंय याचा पुरावा कुठेच उरत नाही. इथे 'ऑर्डर' हा प्रकारच तो पुरावा.

आता जरा जवळून. होय-नाहीच्या रकान्यात पायडँटिक 'ट्रू', 'यस', '१' घेतं, तसंच 'ऑन'ही घेतं. हे 'ऑन' कुठून आलं? टिक केलेल्या चौकटीला वेगळी किंमत दिली नसेल तर ब्राउझर हेच पाठवतो. या यादीमागच्या माणसाने फॉर्म हाताळलेत, हे त्या एका शब्दावरून ओळखावं.

उदारपणाला मर्यादा कुठे घालायची हे मात्र ठेच लागून कळलं असावं. गिऱ्हाइकाने अडीच डझन मागितले आणि जेसनमध्ये २.५ आलं, तर पहिल्या आवृत्तीत त्याचे निमूटपणे दोन डझन होत. सहा आंबे हवेत विरले, आणि कुठेही लाल अक्षर नाही! जून २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत गाभा रस्ट भाषेत नव्याने लिहिला गेला, तिथे २.० चे २ होतात, २.५ ला साफ नकार. वेग वाढला याचं कौतुक बरंच झालं. मला हा नकार जास्त मोलाचा वाटतो.

नकाराची रीतही बघण्यासारखी. सरकारी कचेरीत आज झेरॉक्स नाही म्हणून परत, उद्या सही नाही म्हणून परत, हा अनुभव कोणाला नाही? पायडँटिक सगळ्या त्रुटी एकाच फेरीत काढून देतं: कोणत्या रकान्यात, यादीतल्या कितव्या नगात, काय हवं होतं आणि काय आलं. 'काय आलं' हे मात्र जपून. पासवर्डच्या रकान्यात चूक झाली तर तो लॉगमध्ये उघडा पडेल. ते लपवायची सोय आहे, पण ती मागून घ्यावी लागते.

दुसरी ओळ मराठी माणसाने विशेष सांभाळावी. पिनकोडला 'सहा अंक' असा साचा लावताना रेगेक्समधला बॅकस्लॅश-डी वापरला, तर '४११०३०' देवनागरीतही सहज पार होतो, कारण युनिकोडच्या लेखी तेही अंकच. पुढची यंत्रणा इंग्रजी आकडेच ओळखत असेल तर भांडण तिथे निघेल.

न सांगितलेला रकाना आला तर पायडँटिक तो गुपचूप टाकून देतं. मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव्ह यांनी गिटहबच्या फॉर्ममध्ये एक जादा रकाना घुसवून रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या प्रकल्पात शिरकाव करून दाखवला होता. आलेलं सगळं वस्तूत ओतण्याच्या सवयीचा तो परिणाम. त्या बाजूने पायडँटिकची ही टाकून देण्याची सवय चांगलीच. पण पाठवणाऱ्याने 'निरोप'च्या जागी 'निरोफ' लिहिलं तर त्याचा निरोप कचऱ्यात जातो आणि ऑर्डर मात्र यशस्वी. जादा रकान्याला मनाई करणारी 'फॉरबिड' ही सेटिंग मूळचीच असायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात बारीक काम पाचव्या ओळीत आहे. 'स्ट्रिंग किंवा नन' याचा अर्थ निरोप रिकामा चालेल; शेवटच्या '= नन'चा अर्थ तो पाठवलाच नाही तरी चालेल. पहिल्या आवृत्तीत या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या, दुसरीने त्या सोडवल्या. शिवाय कोणते रकाने खरोखर आले होते याची नोंद वस्तू स्वतःजवळ ठेवते. म्हणून गिऱ्हाईक नंतर फक्त तारीख बदलायला आलं, तर त्याचा 'वॉचमनकडे द्या' हा जुना निरोप या नोंदीच्या आधारे जागेवर ठेवता येतो. आणि त्याने मुद्दाम नन पाठवलं, तरच तो पुसायचा.