संशयाला मुदत हवी

मंडळी, काळा पैसा रोखू नये असं मी म्हणत नाहीये. माझा प्रश्न इतकाच: नुसत्या संशयावरून माणसाचा पैसा किती काळ अडवायचा?

जी-७ राष्ट्रांनी १९८९ साली एफएटीएफ स्थापली. ऑक्टोबर २००१ मध्ये दहशतवादाचा पैसाही तिच्या कक्षेत आला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने अल-बरकात ही सोमाली हवाला पेढी खाती गोठवून बंद पाडली. सोमालियातली बँकव्यवस्था तेव्हा मोडलेली. परदेशातल्या मुलाने धाडलेल्या पैशावर घरं चालायची. ९/११ आयोगाच्या अभ्यासगटाला पुढे या पेढीविरुद्धचा आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. तरी संयुक्त राष्ट्रांच्या यादीतून नाव निघायला २०१२ उजाडलं!

स्वीडनमधल्या अल-बरकात फाउंडेशनच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये साधी गोष्ट सांगितली: ज्याचे पैसे गोठवता, त्याला कारण कळवा, त्याची बाजू ऐका. उलट एफएटीएफचा नियम असा, की बँकेने संशय कळवला तर ग्राहकाला त्याचा पत्ता लागता कामा नये. तपासापुरती ही गुप्तता मला समजते. पण मुदत नसलेला संशय म्हणजे खटल्याविना शिक्षाच की हो!