नऊ प्रश्नांची फूटपट्टी

तराजूने तापमान मोजता येत नाही, हे आपण सहावीच्या मुलांनाही सांगतो. मनाची मोजणी करताना मात्र हातातले साधन नेमके काय मोजते, हे विचारायचे राहून जाते.

देशात २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. नैराश्याच्या पाहण्यांत मात्र स्त्रियांचे प्रमाण बहुधा जास्त निघते. दुष्काळ आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या जवळून पाहिलेल्या कळंबसारख्या तालुक्यात हे कोडे नुसते आकड्यांचे राहत नाही.

जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली पाहू. गेल्या दोन आठवड्यांतील उदासी, झोप, भूक, थकवा, अपयशाची भावना, मरणाचे विचार अशांविषयी नऊ प्रश्न आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. ती छोटी आहे, आरोग्य कार्यकर्तीलाही वापरता येते आणि मरणाविषयी आडपडदा न ठेवता विचारते. हे तिचे मोठे गुण. पण राग, दारू, अंगावर धावून जाणे यांविषयी तीत एकही प्रश्न नाही. 'पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?' हे ऐकत वाढलेला माणूस उदासीच्या प्रश्नाला 'नाही' म्हणेल आणि संध्याकाळी घरच्यांवर ओरडेल. त्याचे गुण शून्यच!

अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात राग, व्यसन, धोका पत्करणे ही लक्षणे धरून आधीच्या पाहणीतील माहिती पुन्हा तपासली गेली. तेव्हा २६.३ टक्के पुरुष आणि २१.९ टक्के स्त्रिया निकषात बसल्या. जुनी-नवी लक्षणे एकत्र केल्यावर हे आकडे ३०.६ आणि ३३.३ झाले, म्हणजे फरक जवळजवळ मिटला. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण आम्हाला तो पुरता पटत नाही. यादी बदलली की आकडा बदलणारच. शिवाय प्रत्येक रागाला आजार म्हटले, तर बायकोवर हात उगारणाऱ्याला आयती सबब मिळते.

दोन्ही याद्यांत एक उणीव आहे. त्या माणसाला एकटा धरतात. मनातले तो कोणाला सांगतो? बायकोला, भावाला की मित्राला? पारावर तासभर सोयाबीनच्या भावावर बोलणारे आपली झोप उडाल्याचे सांगत नाहीत. पुरुषपणावर काम करणाऱ्या समाजशास्त्राच्या संशोधकाने कळंबला येऊन आधी हे विचारावे.

आपण शिक्षकांनी मात्र त्या संशोधनाची वाट पाहू नये. रडणाऱ्या मुलाला 'मुलगी आहेस का?' म्हणणे आजच थांबवता येईल. त्यासाठी कोणतीही प्रश्नावली लागत नाही.