गिलाव्याचे पोपडे आणि कैदी क्रमांक १

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी नावाचा एक जुना तुरुंग आहे. १८२९ साली तो सुरू झाला, १९७१ साली बंद पडला. त्या ओसाड तुरुंगाची चाळीस छायाचित्रे माझ्यासमोर टेबलावर पसरलेली आहेत. ती काढणारा तरुण माझा जुना विद्यार्थी. तिकडे नोकरी करतो, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन पडक्या वास्तू धुंडाळतो. इकडच्या एका महाविद्यालयात त्याला या चित्रांचे प्रदर्शन भरवायचे आहे. ‘सर, माहितीपत्रकासाठी चार ओळी लिहा’, असे त्याने कळवले. चार ओळींत माझे मत मावेना, म्हणून हा लेख. छापण्यापूर्वी तो त्याला वाचायला दिला आहे. त्याला राग आला नाही असे नाही.

चित्रे सुंदर आहेत. कमानदार छताचा लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना कोठड्यांचे दरवाजे, वरून झिरपणारा उजेड. भिंतीवरून सुटलेले गिलाव्याचे पोपडे, त्यांच्या खाली निळ्या-हिरव्या रंगाचे थर. कोठडीतच उगवलेले झाड. गंजून लाल झालेली न्हाव्याची खुर्ची. उजेड कोठून घ्यावा, सावली किती ठेवावी, हे या मुलाला उत्तम कळते. माझा आक्षेप त्याच्या कसबाला नाही. या सौंदर्यात माणूस कोठे उभा आहे आणि कोणत्या बाजूला उभा आहे, एवढाच माझा प्रश्न आहे. साहित्यातल्या कलावादाला जो प्रश्न आपण गेली पन्नास वर्षे विचारीत आलो, तोच कॅमेऱ्याला विचारायला हरकत नसावी.

हा तुरुंग कोणी राक्षसांनी बांधलेला नव्हता, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. तो सुधारकांनी बांधला. १७८७ साली फिलाडेल्फियातील काही सज्जनांनी तुरुंगांतील हालअपेष्टा कमी करण्यासाठी एक संस्था काढली. फटके, खोडा आणि फाशी यांपेक्षा माणसाला एकटे ठेवावे, म्हणजे तो आत्मपरीक्षण करील, पश्चात्ताप करील, अशी त्यांची श्रद्धा. ‘पेनिटेन्शरी’ या शब्दातच पश्चात्ताप आहे. जॉन हॅविलंड या वास्तुशिल्पज्ञाने मध्यभागी गोल कक्ष ठेवला आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती बाहेर काढल्या. प्रत्येक कोठडीला नळ, शौचकूप आणि ऊब. त्या वेळी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानीसुद्धा नळाचे पाणी नव्हते. आणि एवढ्या सोयी कशासाठी? तर माणसाने कोठडीबाहेर पाऊल टाकू नये, दुसऱ्या माणसाचे तोंडही पाहू नये, यासाठी. कैद्याला हलवायचे झाल्यास त्याच्या डोक्यावरून टोपडे ओढून चेहरा झाकीत. दिवसातून तासभर त्याला मागच्या अंगणात सोडीत. अंगण त्याच्या एकट्याचे, भोवती उंच भिंती. १८४२ साली चार्ल्स डिकन्स येथे आला. तो कोठड्यांत शिरला, कैद्यांशी बोलला, आणि मनाचा हा छळ शरीराच्या कोणत्याही छळापेक्षा वाईट आहे असे त्याने प्रवासवर्णनात लिहून ठेवले. तरीही ही पद्धत अधिकृतपणे बंद व्हायला १९१३ साल उजाडले. दयेच्या पोटी जन्मलेली क्रूरता किती दीर्घायुषी असते ते यावरून दिसावे. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या ‘उद्धारा’चे प्रयोग झाले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता त्या लांब बोळाकडे वळू. चाळीसपैकी अकरा चित्रे बोळाची आहेत. या तुरुंगाची जगभर पसरलेली बहुतेक चित्रेही हीच चौकट दाखवतात. बोळाच्या मधोमध उभे राहायचे आणि दोन्ही भिंती दूरवर एका बिंदूत मिळू द्यायच्या. पण हे दृश्य कोणाचे? सुरुवातीच्या इमारतींत कोठडीचा दरवाजा बोळात उघडतच नव्हता. कैद्याला मागच्या अंगणातून आत घेत. बोळाच्या बाजूला अन्न सरकवायला आणि आत डोकावायला तेवढे भोक. म्हणजे आज ज्या दृश्यापुढे प्रेक्षक थबकतो, ते त्या काळच्या कैद्याने कधी पाहिलेच नाही. ते पाहिले पहारेकऱ्याने. मधल्या गोल कक्षात एका जागी उभे राहून सातही बोळ नजरेखाली ठेवता यावेत, याच हिशेबाने ती रेषा आखलेली आहे. पुढे दरवाजे बोळात आले, एकांतवासाची पद्धत गेली, विसाव्या शतकातले कैदी त्या बोळातून चालले, हे मान्य. पण चौकटीची रचना बदलत नाही. आमचा छायाचित्रकार अकरा वेळा तिपाई घेऊन नेमका पहारेकऱ्याच्या पावलांवर उभा राहिला, आणि त्याला ते जाणवले नाही.

उजेडाचेही तेच. कोठडीच्या छतात एक अरुंद झरोका आहे, आणि त्यातून पडणारा प्रकाशाचा पट्टा टिपण्यासाठी हा मुलगा दोन-दोन तास थांबला असे तो कौतुकाने सांगतो. पण त्या झरोक्याला ‘देवाचा डोळा’ म्हणत. वर कोणीतरी सतत पाहत आहे असे वाटावे, म्हणून उजेडाला तेवढीच वाट ठेवलेली. तो उजेडही शिक्षेचाच भाग होता.

या तुरुंगाचा पहिला कैदी चार्ल्स विल्यम्स. वय १८ वर्षे, काळा, शेतीकाम करणारा. त्याचे छायाचित्र नाही, कारण १८२९ साली माणसांची छायाचित्रे काढण्याची सोयच नव्हती. त्याच्याबद्दल उरली आहे ती दप्तरातील नोंद. २५ ऑक्टोबर १८२९ रोजी दाखल. उंची पाच फूट सात इंच. पाऊल अकरा इंच. नाकावर व्रण, मांडीवर व्रण. तोंड रुंद, डोळे काळे. वाचता येते. गुन्हा : वीस डॉलरचे एक घड्याळ, तीन डॉलरची सोन्याची एक मुद्रा आणि सोन्याची एक किल्ली चोरली. शिक्षा दोन वर्षे. तेवीस डॉलर आणि एका किल्लीसाठी अठरा वर्षांच्या पोराला दोन वर्षे माणसाचा चेहरा दिसू दिला नाही! पाऊल किती इंची होते हे लिहिणाऱ्याला माहीत होते. त्या पोराला त्या रात्री काय वाटले हे कोणत्याही दप्तरात नाही.

अशी नोंद आपल्याला अपरिचित नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या देशात जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. शरीरावरच्या खुणा, बोटांचे ठसे, हजेरी, गावाबाहेर पडायला पास. आमच्या या छायाचित्रकाराचे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणात, हजेरी देत असत. आजोबांचा जन्म त्याच तारेच्या आतला. हे त्यानेच मला विद्यार्थिदशेत सांगितले होते, आणि तेव्हा त्याचा आवाज थरथरत होता. म्हणूनच ही चित्रे पाहताना माझी निराशा अधिक झाली. पोपड्यांच्या रंगांनी भुलावे असे त्याच्याजवळ काय कमी होते?

दोष एकट्या त्याचा नाही. १९९४ साली हा तुरुंग पर्यटकांसाठी उघडला. मोडकळीस आलेला आहे तसाच जपायचा, असे धोरण ठरले. अल कपोन हा गुंडांचा पुढारी १९२९-३० मध्ये काही महिने येथे होता. त्याची कोठडी गालिचा, दिवा, खुर्च्या मांडून सजवलेली आहे. १९२४ साली आणलेला पेप नावाचा कुत्रासुद्धा तेथे प्रसिद्ध आहे. दर शरद ऋतूत याच भिंतींत भुताखेतांचे खेळ लावून पैसा उभा केला जातो. मात्र त्याच संस्थेने २०१४ साली आवारात सोळा फूट उंचीचा एक पोलादी आलेख उभा केला, हेही नमूद केले पाहिजे. अमेरिकेत तुरुंगात डांबलेल्या माणसांचे प्रमाण कसे वाढत गेले, इतर देशांच्या तुलनेत ते किती आहे आणि त्यात काळ्यांचा वाटा किती, हे तो पोलाद बोलतो. चाळीस चित्रांत हा आलेख नाही. विचारले तेव्हा उत्तर आले : ‘सर, ते नवे लोखंड आहे. अवशेषांच्या मालिकेत बसेना.’

या उत्तरातच माझ्या आक्षेपाचे मूळ आहे. अवशेष म्हणजे संपलेली गोष्ट. पडका तुरुंग पाहताना प्रेक्षकाला मनातून हायसे वाटते, की गेले ते दिवस. गिलावा गळला, म्हणजे व्यवस्थाही गळली! अमेरिकेत ती गळलेली नाही, आणि आपल्याकडे तर तुरुंग पडकाही नाही. आपल्या राज्यात तुरुंग-पर्यटन २६ जानेवारी २०२१ रोजी येरवड्यापासून सुरू झाले. १९३२ च्या पुणे कराराशी जोडलेले आंब्याचे झाड तेथे दाखवतात. झाड दाखवावे, पण त्या कराराने बाबासाहेबांच्या हातून काय काढून घेतले तेही झाडाखाली उभे राहून सांगितले पाहिजे. ज्या देशातल्या अनेक कारागृह नियमावल्यांत झाडूकाम कोणत्या जातीने करावे आणि स्वयंपाक कोणत्या जातीने करावा हे छापलेले होते, त्या देशात तुरुंग हा इतिहासाचा विषय होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले, ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींवरही त्याच निकालात बोट ठेवले आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला होता १९५२ साली. मधली बहात्तर वर्षे कोणत्या गिलाव्याखाली होती?

१९७२ साली आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढाऊ संघटनेचे नाव आपल्या संघटनेला दिले, ते नक्कल म्हणून नव्हे. दोन टोकांवरच्या दोन दुःखांनी एकमेकांना ओळखले होते. तसे ओळखणे या चित्रांत एकदाच घडले आहे. सदतिसावे चित्र कोठडीच्या आतून काढलेले आहे. कॅमेरा जमिनीवर ठेवलेला. समोर ठेंगणा दरवाजा, वाकल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही असा. झरोका चौकटीत नाही, उजेड तेवढा जमिनीवर. रंग नाहीत, पोपडे नाहीत. कॅमेरा जरा हललेला आहे, म्हणून प्रदर्शनातून वगळायच्या चित्रांत त्याने ते घातले होते.

ते चित्र पहिले लावावे, अकरा बोळांपैकी दहा काढावेत, आलेखाचे चित्र पुन्हा जाऊन काढावे, आणि कैदी क्रमांक १ ची नोंद मराठीत लिहून त्याच्या शेजारी पणजोबांच्या हजेरीची नोंद लावावी, असे मी त्याला कळवले. बोळांबद्दल तो अजून वाद घालतो आहे. निदान तीन तरी ठेवू द्या म्हणतो. पणजोबांचा एकही कागद घरात नाही. जुन्या दप्तरात काही सापडते का ते पाहायला तो डिसेंबरात सोलापूरला येणार आहे.