‘ऑब्सेशन’ आणि त्याची भावंडे : इंग्रजी कादंबरीच्या संदर्भात एक टिपण

इंग्रजी कथात्मक वाङ्मयाविषयी आपल्याकडे जे लेखन होते त्यात ‘ऑब्सेशन’ हा शब्द इतका सैलपणे वावरताना दिसतो की, त्याने नेमके काय सांगितले जाते याची एकदा चौकशी करणे अगत्याचे वाटते. मेल्व्हिलचा कप्तान एहॅब, एमिली ब्राँटीचा हीथक्लिफ, डिकन्सचे मिस्टर डिक आणि स्टर्नचे अंकल टोबी या चौघांनाही हे एकच लेबल बिनदिक्कत लावले जाते. चौघांच्याही मनाला एकाच विषयाने घेरले आहे, हे खरे. परंतु हा शब्द आज ज्या मानसशास्त्रीय अर्थाने आपण योजतो तो अर्थ इंग्रजीत स्थिरावला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे या चारही कादंबऱ्या प्रसिद्ध होऊन गेल्यानंतर. त्या लेखकांच्या हाताशी निराळे शब्द होते आणि त्या शब्दांत माणसाविषयीचे निराळे निर्णय दडलेले होते. ते निर्णय पुसले जातात, ही माझी मुख्य तक्रार आहे.

‘ऑब्सेशन’चे मूळ लॅटिन क्रियापदात आहे. त्याचा धात्वर्थ ‘समोर बसणे’, आणि त्यावरून ‘नगरापुढे तळ ठोकून त्यास वेढा घालणे’. पुढे ख्रिस्ती भूतविद्येत हा शब्द ‘पझेशन’च्या जोडीने वापरला गेला. पिशाच देहात शिरून आतून सत्ता गाजवू लागले म्हणजे ‘पझेशन’. बाहेर राहून छळू लागले म्हणजे ‘ऑब्सेशन’. मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. ‘अंगात येणे’ आणि ‘पाठीस लागणे’ या आपल्या दोन प्रयोगांत जवळजवळ हाच भेद आहे. वेढ्याच्या रूपकात एक गोष्ट मोलाची आहे : वेढलेले नगर पडलेले नसते. आतला माणूस तटावर उभा असतो, त्याला शत्रू दिसतो, नकोसा असतो. आधुनिक मनोविकारशास्त्रानेही हे मर्म सांभाळले आहे. नकोसा विचार वारंवार मनात घुसतो, तो आपलाच आहे हे रोग्याला कळते, बहुधा तो निरर्थक आहे हेही कळते, तरी तो हटत नाही. बोलभाषेने मात्र हे मर्म केव्हाच गमावले. क्रिकेटच्या आनंदात बुडालेल्या पोरालाही ती ‘ऑब्सेस्ड’ म्हणते. तेथे ना वेढा आहे, ना तट.

डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधील (1849–50) मिस्टर डिक हा मूळ अर्थाने वेढलेला माणूस. त्याला आपले निवेदन लिहून पुरे करायचे आहे; पण 1649 मध्ये शिरच्छेद झालेल्या पहिल्या चार्ल्स राजाचे डोके दर वेळी त्या लिखाणात येऊन पडते. तो ते टाळू पाहतो, टाळता येत नाही, आणि अखेर त्याच कागदांचा पतंग करून उडवतो. डेव्हिडच्या आत्याबाई या डोक्याचा अर्थ कोणत्याही वैद्याहून अधिक समजूतदारपणे सांगतात : स्वतःच्या आजारातील खळबळ थेट बोलता येत नाही, म्हणून तो ती राजाच्या रूपाने बोलतो. ‘किंग चार्ल्सचे डोके’ हा इंग्रजीत वाक्प्रचारच होऊन बसला. मात्र त्या वाक्प्रचारात आज उपहास तेवढा उरला असून आत्याबाईंची करुणा गळाली आहे.

अंकल टोबीची गोष्ट याच्या अगदी उलट. स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’चे नऊ खंड 1759 ते 1767 या काळात निघाले आणि ‘हॉबी-हॉर्स’ या शब्दाला त्यांनी नवे वजन दिले. मूळ अर्थ पोरांचा काठीचा घोडा. टोबी 1695 साली नामूरच्या वेढ्यात जांघेत जखमी झाला. आपण नेमके कोठे व कसे जखमी झालो हे भेटीस येणाऱ्यांना सांगता सांगता तो गोंधळतो, म्हणून नकाशा आणवतो. नकाशातून ग्रंथ, ग्रंथांतून हिरवळीवर उभारलेले छोटे बुरूज आणि खंदक. येथे शब्दांच्या इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. ज्या शब्दाचा मूळ अर्थ ‘वेढा’, तो शब्द आपण ज्याला लावतो त्याचा छंदच वेढ्याचा आहे. पण येथे वेढणारा तो स्वतः आहे. ज्या अनुभवाने त्याला जायबंदी केले त्याचाच खेळ करून तो बरा होतो. 1713 च्या उत्रेख्टच्या तहाने खेळ थांबतो तेव्हा हा दयाळू माणूस शांततेबद्दल हळहळतो, हेही स्टर्न हसत हसत दाखवतो. काठीच्या घोड्यावर स्वार मीच, आणि त्याला दौडवणारे पायही माझेच. या स्थितीस मराठीत ‘छंद’ म्हणावे. ‘नाद’ म्हटले की ‘नादी लागणे’ आठवते आणि लगाम दुसऱ्याच्या हाती जातो.

एहॅबसाठी मेल्व्हिलने निवडलेला शब्द याहून भारी आहे : ‘मोनोमेनिया’. फ्रेंच वैद्य एस्किरोल याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो प्रचारात आणला. एका विषयापुरती बुद्धी भ्रष्ट, इतरत्र शाबूत, असा त्याचा अर्थ. हा शब्द वैद्यांकडून लवकरच न्यायालयात गेला, कारण तेथे प्रश्न जबाबदारीचा होता : असा मनुष्य गुन्हा करील तर त्याला शिक्षा द्यावी काय? इंग्लंडमध्ये 1843 च्या मॅकनॉटन खटल्यात अंशतः वेडाचा हा प्रश्न गाजला. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी एका खुनाच्या खटल्यात वेड आणि दायित्व यांविषयी ज्यूरीला विस्तृत मार्गदर्शन केले. शॉ हे मेल्व्हिलचे सासरे; विवाह 1847 चा, ‘मोबी-डिक’ 1851 ची. यावरून प्रभावाचा सिद्धान्त मांडण्याची घाई करू नये. पण हा शब्द मेल्व्हिलच्या घराजवळ कोणत्या वजनाने उच्चारला जात होता, एवढे त्यातून कळते.

कादंबरीतील एहॅब रोगी म्हणून सुटत नाही. गलबत हाकारणे, खलाशांना वश करणे, नकाशांवरून देवमाशांच्या वाटा ताडणे, या साऱ्यांत त्याची बुद्धी लखलखीत आहे. आपली साधने शहाणपणाची असून हेतू तेवढा वेडा आहे, हे तो स्वतः जाणतो. वेडाने त्याचे शहाणपण मारले नाही, कामाला जुंपले. अशा माणसाला ‘ऑब्सेस्ड’ म्हटले की तो वेढ्याचा बळी ठरतो, आणि बुडालेल्या खलाशांचा हिशेब मागायला कोणी उरत नाही. शोकान्तिकेच्या जागी रोगवृत्त येते. पारिभाषिक शब्द वापरताना समीक्षकाला हा पक्ष घ्यावाच लागतो. न घेतल्याचा आव आणता येत नाही.

‘आयडे फिक्स’, ‘फिक्सेशन’ इत्यादी शब्दांविषयी थोडक्यात. पहिला बर्लियोझच्या 1830 च्या सिंफनीमुळे संगीतात गेला आणि तेथेच अधिक शोभतो. जर्मनमधील ‘त्स्वांग’ म्हणजे सक्ती. या एका शब्दासाठी इंग्रजीत ‘ऑब्सेशन’ आणि ‘कम्पल्शन’ असे दोन शब्द आले व पुढे ते जोडीनेच नांदू लागले.

हीथक्लिफपाशी मात्र हे सगळे शब्द अपुरे पडतात. ‘वदरिंग हाइट्स’मध्ये (1847) नेली डीन त्याच्याविषयी सांगते की, गेलेल्या प्रियेच्या बाबतीत त्याला ‘मोनोमेनिया’ जडला असावा, एरवी तो माझ्याइतकाच शहाणा होता. नेली हे बोलते 1802 साली. तेव्हा तो शब्द इंग्रजीत यायचाच होता. या कालविपर्यासाला चूक म्हणून सोडून देऊ नये. नेली पुस्तके वाचलेली, व्यवहारी बाई आहे. कोडे आटोक्यात आणण्यासाठी शास्त्राचा नवा शब्द तिच्याच तोंडी लेखिकेने घातला. हीथक्लिफची स्वतःची भाषा निराळी आहे. तो कॅथरिनच्या भुताला दूर ठेवू पाहत नाही. माझ्या मागे लाग, मला सोडू नकोस, अशी विनवणी करतो. वेढलेल्याने स्वतः वेशी उघडाव्यात तसे हे आहे. अनुवादकाने येथे ‘झपाटलेला’ लिहिले तर विनवणी हरवते, ‘ध्यास घेतलेला’ लिहिले तर भूत हरवते. मला ‘पिसे’ हा जुना शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. नेलीच्या तोंडी मात्र तो चालणार नाही. तेथे एखादा वैद्यकी, किंचित परका शब्दच हवा.