नाट्यशिक्षक कोणास म्हणावें?

नाट्यशास्त्र शिकविणारा रंगभूमीवर राबणारा कलावंत असावा, कीं ग्रंथांचें अध्ययन केलेला पंडित, हा वाद विद्यापीठांतून वरचेवर उपस्थित होतो. आमच्या मतें सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचें उदाहरण येथें विचारार्ह आहे. १९८७ मध्यें निघालेल्या या केंद्राचें प्रमुखपद सतीश आळेकर यांनीं १९९६ पासून २००९ पर्यंत भूषविलें. त्यांची पदवी जीवरसायनशास्त्राची. नाट्यविद्या त्यांनीं मुख्यतः तालमींत संपादिली. ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकांत त्यांनीं मृत नायकाकडूनच स्वतःच्या मरणाचें कीर्तन करविलें. कीर्तनाचीं अंगें पुस्तकावरून सांगतां येतील. पण निरूपणांतला कोणता विराम प्रेक्षकांस हंसवितो आणि कोणता अंतर्मुख करितो, हें ज्यानें नटांकडून तें घोटून घेतलें त्यासच ठाऊक.

तथापि कलावंत आणला म्हणजे कार्यभाग उरकला, असें समजणें भ्रामक होय. “मी करतों तसें करा” एवढेंच सांगणाऱ्या गुरूच्या हातून नकलाकार निपजतात, नट नव्हेत. स्वतःच्या कृतीचीं कारणें उलगडून शिष्यास त्याची वाट शोधूं देणें, ही अध्यापनाची कला निराळीच आहे. म्हणून नेमणूक करतांना केवळ प्रमाणपत्रें मोजूं नयेत, तशीच केवळ कीर्तिही मोजूं नये. उमेदवारास एक प्रवेश व चार विद्यार्थी देऊन तालीम घ्यावयास लावावी. विद्यार्थ्याचीं उमेदीचीं वर्षें परत मिळत नाहींत. तीं कोणाच्या हातीं द्यावयाचीं, याचा निवाडा नुसत्या कागदावर होऊं नये.